प्लझेनची ब्रुअरी: आधी गाव, मग तळघर

पिंपळपान:

प्रागला चार-पाच दिवसांसाठी जाणाऱ्यांच्या हाती बहुधा एक मोकळा दिवस उरतो आणि तो कुठे घालवावा, हा प्रश्न या विभागात वरचेवर येतो. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही तो दिवस प्लझेनला दिला. जर्मन भाषेत याच शहराला पिल्झेन म्हणतात आणि जगभर 'पिल्सनर' म्हणून विकल्या जाणाऱ्या सोनेरी बिअरला या शहरावरून नाव मिळाले आहे. आमच्या चौघांत माझी आई होती, जिने आयुष्यात कधी दारूचा थेंब चाखलेला नाही, आणि मी स्वतः एका ग्लासापुढे जाणारा नाही. म्हणजे ब्रुअरी (बिअरचा कारखाना) पाहायला आमच्याइतके अपात्र पर्यटक शोधूनही सापडले नसते. तरीही घरी परतल्यावर सर्वांत जास्त बोलणे झाले ते त्याच दिवसाबद्दल, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रागच्या मुख्य स्थानकावरून प्लझेनला दिवसभर गाड्या असतात आणि प्रवास साधारण सव्वा ते दीड तासाचा आहे. शहर जवळ आले की गाडी एका लांबलचक बोगद्यात शिरते. एय्पोव्हित्सेचा हा बोगदा चार किलोमीटरहून थोडा अधिक लांब असून २०१८ मध्ये खुला झाला. स्थानकावरून दहा मिनिटे चालले की ब्रुअरीचे दार येते. एवढी सोय असल्यामुळे बहुतेक मंडळी गाडीतून उतरून थेट तिकडेच वळतात. आम्ही उलटे केले, आणि तसेच करावे असा माझा आग्रह आहे: आधी राडबुझा नदी ओलांडून जुन्या गावात जावे, दुपारपर्यंत तिथे हिंडावे आणि ब्रुअरी त्यानंतर पाहावी.

याचे कारण असे की ब्रुअरीत जी गोष्ट ऐकवतात तिची सुरुवात गावात आहे. राजा दुसरा वेन्सेस्लास याने १२९५ च्या सुमारास हे शहर वसवले आणि इथल्या नागरिकांना बिअर बनवण्याचा व विकण्याचा हक्क मिळाला. हा हक्क माणसाचा नव्हता, घराचा होता. तटबंदीच्या आतल्या अडीचशेहून अधिक घरांना तो चिकटलेला होता आणि घर विकले की तोही घराबरोबर नव्या मालकाकडे जाई. आपल्याकडच्या वतनाची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. व्हेलेस्लाव्हीनोव्हा रस्त्यावर अशाच एका जुन्या घरात बिअरचे संग्रहालय आहे आणि त्याला लागूनच शहराच्या भुयारी तळघरांत उतरता येते. तिथे डोक्यावर हेल्मेट घालून सुमारे ८०० मीटर चालायचे असते. घराखाली तळघर, तळघराखाली आणखी एक तळघर, मध्येच विहीर, पुन्हा एखादी अरुंद वाट, असे ते सगळे जाळे आहे. प्रत्येक कुटुंब आपले धान्य आणि आपली बिअर इथल्या गारव्यात ठेवत असे. छप्पर इतके खाली येते की माझे हेल्मेट तीन वेळा दगडावर आपटले. ते नसते तर हा धागा लिहायला मी उरलो असतो की नाही, शंकाच आहे.

आता ज्याची त्याची बिअर म्हटल्यावर ज्याची त्याची चवही आली. प्लझेनची बिअर हळूहळू इतकी बिघडली की १८३८ मध्ये ३६ पिंपे पिण्यास अयोग्य ठरवून नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. या प्रसंगाने गावाची लाज गेली आणि हक्कदार घरमालकांनी एकत्र येऊन सामाईक ब्रुअरी उभारायचे ठरवले. मार्टिन श्टेल्झर या स्थानिक बांधकाम जाणकाराकडे काम सोपवले गेले. त्याने शेजारच्या बव्हेरियात (आजच्या जर्मनीत) फिरून तिथल्या ब्रुअऱ्या पाहिल्या. बव्हेरियातूनच योसेफ ग्रोल नावाचा एकोणतीस वर्षांचा बिअर बनवणारा आणला गेला आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने इथली पहिली बिअर शिजवायला घेतली. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाच्या दिवशी, ती लोकांपुढे आली. तोवर मध्य युरोपातली बिअर बहुतेक गडद आणि गढूळ असे. ही सोन्यासारखी, आरपार दिसणारी होती.

हे सगळे डोक्यात ठेवून दुपारी ब्रुअरीच्या कमानीसमोर उभे राहिलो, तेव्हा तिची दोन दारे ओळखीची वाटली. ही कमान १८९२ मध्ये ब्रुअरीच्या पन्नाशीनिमित्त उभारली आणि तेच चित्र आजही बाटलीच्या लेबलावर असते. आतली फेरी मार्गदर्शकाबरोबरच करावी लागते आणि तिला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. आवार मोठे असल्यामुळे काही अंतर त्यांच्या बसने जायचे असते. बाटल्या भरण्याच्या दालनात वरच्या सज्जातून खाली पाहता येते. तिथे कोणी फारसे रेंगाळत नाही, कारण बाटल्यांची रांग दोन मिनिटे पाहिली की पाहून होते.

कच्च्या मालाच्या दालनात मात्र आम्ही खिळून राहिलो. तिथे जव, मॉल्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) हाताळता येतात. मॉल्ट म्हणजे भिजवून मोड आणलेले आणि मग भट्टीच्या उष्णतेवर वाळवलेले जव, असे मार्गदर्शक सांगू लागली, तर आई माझ्या कानाशी म्हणाली, "अरे, हे आपल्या नाचणी सत्त्वासारखेच की." दोन दाणे तिने चावून पाहिले आणि गोड लागतात म्हणाली. मोड येताना धान्यात जी विकरे (एन्झाइम्स) तयार होतात, तीच पुढे पिठूळ भागाची साखर करतात, एवढा मुद्दा तिला पाटीवरचे एक अक्षरही न वाचता समजला होता. हॉप्सचे वाळलेले फूल तळहातावर चोळले की पिवळसर भुकटी बोटांना चिकटते आणि गवत, राळ व लिंबाची साल यांच्या मधला एक उग्र वास येतो. तो साबणाने धुतल्यावरही परतीच्या गाडीत माझ्या हाताला होता.

शेवटी तळघर. वाळूच्या दगडात खोदलेले हे बोगदे एकूण नऊ किलोमीटर भरतात, पाहुण्यांना त्यातला छोटासा भाग दाखवतात. बाहेर जूनचे ऊन असताना आत सहा-सात अंशांची थंडी होती. जमीन ओली, भिंतींना दमट खडबडीतपणा, आणि दोन्ही बाजूंना ओकच्या लाकडाची माणसापेक्षा उंच पिंपे आडवी ठेवलेली. पिंपाला आतून राळेचा थर दिलेला असतो, म्हणून लाकडाची चव बिअरला लागत नाही. स्वेटर घातलेला एक कामगार पिंपाच्या तोटीशी उभा होता. तोटी उघडून एकेक ग्लास तो न बोलता पुढे करत होता, आणि पहिल्या रांगेतल्या लोकांचे बोलणेही आपोआप थांबले. ही बिअर गाळलेली नसते आणि तापवून टिकाऊही केलेली नसते. रंग किंचित धुरकट, फेस सायीसारखा दाट, आणि कडवटपणा घोट उतरून गेल्यावर मागून येणारा. आई ग्लास हातात न घेता भिंतीला हात लावून उभी होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "थंडी साठवून ठेवायला माणसांनी केवढे खोदले!" त्या दिवशी मी ऐकलेले सर्वांत नेमके वाक्य तेच.

एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगतो. गरम कपडे घ्या असे तिकिटासोबत आलेल्या पत्रात लिहिले होते, ते आम्ही वाचले नाही. धाकटा भाऊ अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आला होता आणि तळघरात शेवटची वीस मिनिटे त्याने आईची शाल पांघरून काढली.

रसायनप्रेमी:

उत्तम लेख. तुमच्या गोष्टीत एक पात्र राहिले आहे आणि माझ्या मते नायक तेच आहे: पाणी. प्लझेनचे पाणी विलक्षण मृदू आहे, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार फार थोडे आहेत. मॉल्ट गरम पाण्यात कालवल्यावर मिश्रणाची आम्लता एका ठरावीक पट्ट्यात असावी लागते, तरच विकरे नीट काम करतात. पाण्यात कार्बोनेट जास्त असेल तर ते आम्लता कमी करते आणि फिकट मॉल्टकडे ती परत मिळवण्याइतका जोर नसतो. करपेपर्यंत भाजलेले धान्य जात्याच जास्त आम्लधर्मी असते, त्यामुळे डब्लिनसारख्या चुनखडीच्या पाण्याच्या गावात काळी बिअर चांगली जमली. प्लझेनच्या पाण्यात तो अडथळाच नव्हता, म्हणून फिकट मॉल्ट इथे निभावून गेले. शिवाय सल्फेट कमी असल्यामुळे हॉप्सचा कडवटपणा बोचत नाही. तुम्ही लिहिलेला "मागून येणारा" कडवटपणा याच कारणाने तसा लागतो.

दुसरी गोष्ट तांब्याच्या कढयांची. तुम्ही त्यांचा उल्लेखच केला नाही, ही तक्रार समजा. इथे मिश्रणाचा काही भाग बाजूला काढून थेट आचेवरच्या तांब्याच्या कढईत उकळतात आणि पुन्हा मूळ मिश्रणात ओततात. असे तीन वेळा करतात. या पद्धतीला डिकॉक्शन म्हणतात आणि आपला 'काढा' हा शब्द तिला चपखल बसतो. थर्मामीटर हाताशी नव्हते त्या काळात तापमान पायरीपायरीने चढवण्याचा हा भरवशाचा उपाय होता. आज त्याची गरज उरलेली नाही आणि तो वेळ व इंधन दोन्ही खातो, तरी इथे तो सोडलेला नाही, कारण उकळताना साखर किंचित करपून जी खमंग चव येते ती अन्य मार्गाने येत नाही.

सांजवेळ:

पिंपळपान, तुमच्या आईंचे निरीक्षण वाचून फार आनंद झाला. आम्ही सप्टेंबरात जाणार आहोत. सोबत सासूबाई आहेत, ज्यांचे गुडघे दुखतात, आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. मुलीला आत घेतात का? आणि गावातले भुयार व ब्रुअरीचे तळघर यांतले एकच निवडायचे झाले तर कोणते निवडावे?

पिंपळपान:

सांजवेळताई, मुलांना फेरीत घेतात; बिअर मात्र १८ वर्षांखालील कोणालाही मिळत नाही, हा तिथला कायदाच आहे. आमच्या गटात दोन लहान मुले होती आणि तळघरात त्यांची थंडीची तक्रार सोडली तर ती मजेत होती. सासूबाईंसाठी ब्रुअरी निवडा. तिथे अंतर बरेच आहे, तरी वाट प्रशस्त आहे. गावातल्या भुयारात पायऱ्या अरुंद आहेत, वाकून चालावे लागते आणि मध्ये बसायला जागा नाही. संत बार्थोलोम्यूच्या चर्चचा मनोरा तर त्यांना खालूनच दाखवा. तो चेक प्रजासत्ताकातला सर्वांत उंच, १०२ मीटरचा चर्चचा मनोरा आहे आणि सज्जापर्यंत ३०१ पायऱ्या आहेत. मी चढलो, दुसऱ्या दिवशी प्रागमध्ये मला पूल ओलांडताना कठडा धरावा लागत होता.

आणखी एक: फेऱ्या चेक, इंग्रजी आणि जर्मन भाषांत असतात आणि त्यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात. तिकीट आधी काढून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी चेक भाषेतली फेरी पदरी पडणार नाही.

रसायनप्रेमी, तक्रार मान्य. कढया पाहिल्या, पण त्यांच्यासमोर छायाचित्रे काढणाऱ्यांचीच गर्दी इतकी होती की मार्गदर्शकाचे बोलणे नीट ऐकू आले नाही.

अर्धविराम:

मी थोडा विरुद्ध सूर लावतो. युरोपातल्या एका मोठ्या शहरात, नाव घेत नाही, मी अशीच एक 'ऐतिहासिक ब्रुअरी' पाहिली. तिथे कित्येक वर्षांत बिअर बनलेलीच नव्हती. रंगीत दिवे, हलणारे पडदे, आपण स्वतः बिअरची बाटली झालो आहोत असा भास करून देणारी खोली, आणि शेवटी दुकानातूनच बाहेर पडायची वाट. दोन तासांत आपण एका जाहिरातीत पैसे देऊन बसलो होतो, एवढेच मला कळले. प्लझेनची ब्रुअरीही आज एका जपानी उद्योगसमूहाकडे आहे. मग ते लाकडी पिंपांचे तळघर म्हणजे पाहुण्यांसाठी मांडलेला देखावाच नव्हे का?

भटकी_मांजर:

अर्धविराम, तुमचा प्रश्न रास्त आहे, परंतु सगळ्या जागा एकाच तागडीत तोलता येणार नाहीत. मी कामानिमित्त बरीच हिंडते आणि बिअरपेक्षा जुन्या कारखान्यांच्या इमारतींचे मला वेड आहे, त्यामुळे माझा हिशेब असा.

डब्लिनला आर्थर गिनेसने १७५९ मध्ये सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला ४५ पौंडांवर ९,००० वर्षांसाठी भाड्याने घेतली, हे बहुतेकांना ठाऊक असते. पाहुण्यांसाठी उघडलेली इमारत मात्र १९०४ ची आहे. तिथे १९८८ पर्यंत बिअर आंबवली जात होती आणि २००० मध्ये ती पर्यटकांसाठी खुली झाली. आतला मोकळा गाभा बिअरच्या ग्लासाच्या आकाराचा केला आहे. प्रत्यक्ष उत्पादन शेजारच्या आवारात चालते, ते दाखवत नाहीत. म्हणून तिथे बिअर बनताना दिसत नाही. तिथे पाहायची ती पोलादी सांगाड्याची इमारत आणि सातव्या मजल्यावरून दिसणारे शहर.

कोपनहेगनला कार्ल्सबर्गचे जुने आवार आहे. तिथले मोठे उत्पादन २००८ मध्ये शहराबाहेर गेले, तरी मी तिथे पुन्हा जाईन, कारण विज्ञानाचा केवढा इतिहास त्या आवारात घडला आहे! त्यांच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हान्सेनने १८८३ मध्ये यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली, आणि मालकांनी ती स्वतःजवळ दडवून न ठेवता इतर ब्रुअऱ्यांना देऊ केली. रसायनप्रेमींनी वर आम्लतेविषयी लिहिले आहे. ती मोजण्याचे पीएच हे माप सोरेनसेनने १९०९ मध्ये याच प्रयोगशाळेत मांडले. तिथल्या १९०१ च्या दरवाजाला चार दगडी हत्ती आहेत आणि त्यांच्या अंगावर स्वस्तिके कोरलेली आहेत. मराठी माणूस ती पाहून क्षणभर थबकतोच. नाझी राजवटीच्या कितीतरी आधी या ब्रुअरीने शुभचिन्ह म्हणून ती वापरली होती.

आणि ब्रसेल्सला रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर कांतियों ही १९०० मध्ये सुरू झालेली छोटी ब्रुअरी आहे. तिथे यीस्ट घालतच नाहीत. उकळलेला रस पोटमाळ्यावरच्या तांब्याच्या उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले, छपराच्या लाकडातले जंतू त्यात उतरतात. हे फक्त थंडीच्या महिन्यांत करता येते. कोळ्यांची जाळी झाडत नाहीत, कारण कोळी माश्या खातात. तिथे देखावा मांडायला जागाच नाही, ती जागा आहे तशीच आहे.

प्लझेन या सगळ्यांत मला वेगळे वाटते. तिथे मोठा कारखाना चालू आहे आणि जुनी रीतही त्याच आवारात चालू आहे.

पिंपळपान:

अर्धविराम, मालकीबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. १९९९ मध्ये ती दक्षिण आफ्रिकी कंपनीकडे आणि २०१७ मध्ये जपानच्या असाहीकडे गेली. देखाव्याबद्दल मात्र मार्गदर्शकाने जे सांगितले त्याने माझी शंका फिटली. १९९० च्या दशकात इथले मुख्य उत्पादन लाकडी पिंपांतून पोलादी टाक्यांत गेले. त्या वेळी चव बदलली की नाही, हे ताडून पाहण्यासाठी थोडी बिअर जुन्याच पद्धतीने, तळघरातल्या लाकडी पिंपांतच आंबवून आणि मुरवून, बनवत राहायचे ठरले. आजही तीच तुलना चालते. पाहुण्यांना मिळतो तो ग्लास याच बिअरचा. म्हणजे सोनाराकडे कसोटीचा दगड असतो तसे ते तळघर आहे. पाहुणे येतात हा त्याचा जास्तीचा उपयोग. पिंपे दुरुस्त करणारे आणि त्यांना राळेचा थर देणारे कारागीरही ब्रुअरीच्याच नोकरीत आहेत. देखाव्यासाठी एवढा खटाटोप कोणी करेल असे मला वाटत नाही; केलाच तर तो देखावा मला मान्य आहे.

दुकानातून बाहेर पडण्याचा त्रास इथेही आहे, तो नाकारत नाही.

दगडी_पाटी:

ग्रोलविषयी दोन शब्द. पर्यटकांना हमखास ऐकवली जाणारी एक कथा अशी की कोणा साधूने बव्हेरियातून यीस्ट चोरून आणले आणि सोनेरी बिअर जवळजवळ योगायोगाने जन्माला आली. कथा म्हणून ती ऐकावी आणि तिथेच सोडून द्यावी. श्टेल्झरने नव्या ब्रुअरीत मॉल्ट वाळवण्याची भट्टी इंग्रजी धर्तीची बांधून घेतली होती, ज्यात धूर धान्याला न लागता नुसत्या गरम हवेने ते वाळते. फिकट मॉल्ट हवे म्हणूनच असा खर्च केला जातो. बव्हेरियाची तळाशी बसणाऱ्या यीस्टची आणि थंडीत मुरवण्याची पद्धत, इंग्लंडची भट्टी, झाटेत्स या चेक गावचे हॉप्स आणि गावचे पाणी हे चौघे एकत्र आले. यांतले पाणी तेवढे नशिबाने मिळाले, बाकीचे विचारपूर्वक आणलेले आहेत. झाटेत्सचा हॉप्सचा परिसर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, हेही जाता जाता नोंदवतो. प्रागहून तोही एक दिवसाचा पल्ला आहे.

ग्रोल स्वतः १८४५ मध्ये करार संपल्यावर गावी परतला. ज्याच्या हातून हा प्रकार जगभर गेला त्याला इथे जेमतेम तीन वर्षे मिळाली.

'पिल्सनर' हा शब्द मात्र गावाच्या हातून निसटला. इतर ठिकाणचे लोक आपापल्या फिकट बिअरला तेच नाव देऊ लागले, तेव्हा इथल्या ब्रुअरीने १८९८ मध्ये 'पिल्सनर उर्केल', चेक भाषेत 'प्लझेन्स्की प्राझ्द्रोय', हे नाव नोंदवले. दोन्हींचा अर्थ मूळ झरा असाच होतो. बिरुद म्हणून ते छान वाटते, पण त्यामागे नाव राखता न आल्याची खंत आहे, असे मला नेहमी वाटते.

आणखी एक गोष्ट मार्गदर्शक घाईत सांगतात. शहरात श्कोडाचा शस्त्रास्त्रांचा प्रचंड कारखाना असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इथे बाँबहल्ले झाले आणि ब्रुअरीचेही मोठे नुकसान झाले. ६ मे १९४५ रोजी अमेरिकी सैन्याने शहर मुक्त केले. पुढची चार दशके साम्यवादी राजवटीत ही गोष्ट उघडपणे सांगता येत नव्हती. गावात फिरताना अमेरिकी सैनिकांची स्मारके दिसली तर थांबा.

कोरा_कागद:

माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. प्रागमध्ये एका ठिकाणी फळ्यावर बिअरच्या नावापुढे १०, ११, १२ असे आकडे लिहिलेले पाहिले. बारा टक्के अल्कोहोल म्हणजे वाइनइतके झाले! मी घाबरून लिंबाचे सरबत मागवले. हा काय प्रकार आहे?

रसायनप्रेमी:

बाळबोध अजिबात नाही. त्या आकड्याने बरेच लोक फसतात. तो अल्कोहोलचा आकडा नाही. आंबवण्यापूर्वी रसात मॉल्टमधून उतरलेला, मुख्यतः साखरेचा, किती अंश आहे हे तो सांगतो: १२ म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण बारा ग्रॅम. मोजण्याची ही पद्धत प्रागमध्येच कार्ल बालिंग या रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात रूढ केली. आंबताना त्यातल्या काही साखरेचाच अल्कोहोल होतो, त्यामुळे बारा अंशांच्या बिअरमध्ये तो साधारण साडेचार ते पाच टक्के भरतो. आपण ज्या बिअरबद्दल बोलत आहोत तिच्यात ४.४ टक्के आहे. म्हणजे सरबताने तुमचे नुकसान झाले नसले तरी घाबरण्याचे कारण नव्हते.

भटकी_मांजर:

फळ्याचा विषय निघालाच आहे तर ओतण्याच्या प्रकारांबद्दल. ब्रुअरीच्या आवारात जुन्या आंबवण्याच्या तळघरातच 'ना स्पिल्त्से' नावाचे भोजनगृह आहे, १९९२ पासून. तिथे किंवा गावात कुठेही एकाच तोटीतून एकच बिअर तीन प्रकारे मिळते. हलादिंका म्हणजे वर तीन बोटे फेस असलेला नेहमीचा ग्लास. श्नित म्हणजे त्याच ग्लासात बिअर थोडी आणि फेस जास्त. आणखी एक पूर्ण ग्लास नको असेल तेव्हा मागवतात. आणि म्लीको, म्हणजे शब्दशः दूध: जवळजवळ पूर्ण ग्लासभर ओलसर, गोडसर फेस, जो एका दमात संपवायचा असतो. आपल्याकडे फेस दिसला की ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते. तिथे फेस हाच बिअरचे झाकण मानतात, तो खालच्या बिअरला हवा लागू देत नाही. माझ्यासमोर एका पर्यटकाने ग्लास परत करून "पूर्ण भरा" असे सांगितले, तेव्हा ओतणाऱ्याने त्याच्याकडे ज्या करुणेने पाहिले ती मी विसरणार नाही.

अर्धविराम:

कसोटीच्या दगडाचा मुद्दा पटला. अद्याप पूर्ण शरण गेलेलो नाही, पण ऑक्टोबरात प्रागला जाणे आहे, तेव्हा प्लझेन यादीत घालतो. एक विचारायचे राहिले: तळघरातली ती न गाळलेली बिअर बाहेर विकत मिळते का? आणि आम्ही गाडी भाड्याने घेणार आहोत, तर ब्रुअरीपाशी लावता येते का?

पिंपळपान:

तळघरातला तो ग्लास तिथेच प्यावा. त्यात यीस्ट जिवंत असते आणि ती टिकाऊ केलेली नसते, त्यामुळे दूर नेली की चव बदलते. बाटलीतली बिअर गाळून आणि तापवून टिकाऊ केलेली असते. दुकानात न गाळलेली मिळाली तरी लाकडी पिंपातून नुकत्याच उतरलेल्या थंड ग्लासाशी तिची तुलना होणार नाही.

गाडी लावायला जागा आहे, पण गाडी नेऊ नका. चेक प्रजासत्ताकात चालकाच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे, अक्षरशः शून्य. म्हणजे तुम्ही चालवणार असाल तर तळघरापर्यंत जाऊन तो ग्लास तुम्हाला माझ्या आईसारखा नुसता पाहावा लागेल.

अर्धविराम:

मग रेल्वेच.

सांजवेळ:

आमची तिकिटे काढली: इंग्रजी फेरी, दुपारी. सकाळी गाव पाहणार आणि भुयारात मी व मुलगी दोघीच उतरणार. सासूबाई तोवर चौकात बाकावर बसतील. त्यांना नाचणी सत्त्वाची गोष्ट सांगितली, तर त्या म्हणाल्या की मोड आणलेले दाणे वाळवताना ऊन कडक नको, नाहीतर सत्त्वाला करपट वास येतो, आणि तिथली भट्टी कशी आहे ते मला पाहायचे आहे. शाली चार घेतल्या आहेत.